सोडला म्हणजे सुटला नाही

शुक्रवारी रात्री पुण्याहून निघालो आणि शनिवारी पहाटे लासलगावला उतरलो. डोक्यात दोनच गोष्टी होत्या, आईच्या हातची बाजरीची भाकरी आणि झोप. दोन्ही मिळाल्या. तिसरी गोष्ट मागितली नव्हती, तीही मिळाली. मामाशी भांडण. आणि ते कांद्यावरून नाही, राजकारणावरून नाही, माझ्या लग्नावरून तर नाहीच नाही (आश्चर्यच!), तर एका माशावरून.

मामाची कांद्याची छोटी पेढी आहे. आत शिरलं की डाव्या हाताला गणपतीचा फोटो, उजव्या हाताला वह्यांचं कपाट आणि समोर, मामाच्या खुर्चीमागे, दोन फुटी फिशटँक. त्यात एकच मासा. लालभडक अंग, दोन्ही बाजूंना काळ्या ठिपक्यांची रांग आणि कपाळावर कुणीतरी काठी हाणल्यावर यावं तसं भलंमोठं टेंगूळ. काचेजवळ बोट नेलं की बोटावर धावून येतो. नाव फ्लॉवरहॉर्न. पुण्यामुंबईत बिल्डरच्या ऑफिसात, डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये, मोबाईलच्या दुकानात हा मासा तुम्ही पाहिलेला असणार. तुमच्यापैकी एकदोघांच्या घरीही असेल. असेल तर आजचं लिखाण तुमच्यासाठीच आहे, राग मानू नका. किंवा माना, पण शेवटपर्यंत वाचा.

तर मामा म्हणाला, "उद्या रविवार आहे, तू आहेस, गाडी आहे. नांदूरमध्यमेश्वरला जाऊ अन् याला सोडून येऊ. मुका जीव आहे, मोकळा करू. तेवढंच पुण्य."

मी म्हणालो, "मामा, हे पुण्य नाही, पाप आहे."

झालं! "तुला कॉम्प्युटरातलं कळतं रे, पाण्यातलं काय कळतं?" इथून जी सुरुवात झाली ती मामीने जेवायला हाक मारेपर्यंत चालली. मामा वडीलधारा, त्यामुळे पेढीवर मला निम्मंच बोलता आलं. उरलेलं निम्मं इथे.

आधी या माशाची कुंडली मांडू. फ्लॉवरहॉर्न हा सिक्लिड कुळातला. हे कुळ प्रचंड आहे, आजवर नोंदलेल्या जाती दीड हजाराच्या वर. घरच्या टाकीतले एंजल, ऑस्कर, डिस्कस हे सगळे याच खानदानातले. पण एंजल आणि ऑस्कर निदान कुठल्यातरी नदीत जन्मले. फ्लॉवरहॉर्न कुठल्याच नदीत जन्मला नाही. मध्य अमेरिकेतल्या सिक्लिडांचे एकमेकांशी संकर करून मलेशियातल्या मत्स्यपालकांनी १९९० च्या दशकात तो घडवला. रंग गडद हवा, कपाळ मोठं हवं, ठिपके ठळक हवेत, अशा मागण्या येत गेल्या आणि पिढ्यानपिढ्या निवड होत गेली. आपल्या भाषेत सांगायचं तर हे क्लायंटच्या रिक्वायरमेंटप्रमाणे बनवलेलं प्रॉडक्ट आहे. फरक एवढाच की या प्रॉडक्टला भूक लागते.

चिनी भाषेत त्याचं नाव लुओहान. लुओहान म्हणजे बौद्ध परंपरेतला अर्हत. तृष्णा संपलेला, सगळ्यातून मोकळा झालेला पुरुष. चित्रांतल्या काही लुओहानांचं कपाळ असंच पुढे आलेलं दाखवतात, म्हणून हे नाव. आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांत ज्या भिक्षूंनी दगडात राहून तृष्णा सोडायचा प्रयत्न केला, त्यांच्या आदर्शाचं नाव एका माशाला मिळालं. आणि लोकांनी त्या माशाकडे काय मागितलं? लॉटरीचा नंबर! मलेशिया-सिंगापुरात लोक माशाच्या अंगावरच्या काळ्या ठिपक्यांत आकडे शोधायचे. २००० नंतरच्या तीन-चार वर्षांत या माशाचं तिथे असं वेड होतं की चांगल्या कपाळाच्या एकेका माशाला लोक वेड्यासारखे पैसे मोजत. मग सगळ्यांनीच पैदास सुरू केली, माल वाढला, भाव पडला. भाव पडल्यावर काय होतं हे लासलगावच्या माणसाला कुणी शिकवायला नको. कांदा रस्त्यावर ओततात. तिथे लोकांनी मासे तलावांत ओतले. सिंगापूरच्या जलाशयांत फ्लॉवरहॉर्न आज आहे तो असा पोचला.

आपल्याकडे हाच मासा 'वास्तुशास्त्रानुसार' विकला जातो. मला याची गंमत वाटते. जो मासा १९९० पूर्वी पृथ्वीवरच नव्हता, त्याला हजारो वर्षांच्या शास्त्राचा आधार कसा काय मिळतो? चीनचं फेंगशुई, मलेशियाचा मासा, आपली ईशान्य दिशा आणि दुकानदाराचा नफा. सगळं एका टाकीत. मामानेही असाच घेतला. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, निषेध म्हणून लिलाव बंद राहिले, आणि त्या रिकाम्या दिवसांत कुणीतरी सल्ला दिला, 'पेढीवर फ्लॉवरहॉर्न ठेवा, लक्ष्मी टिकते.' मामाने आणला. (कितीला, ते लिहीत नाही. मामी वाचते.) चार महिन्यांनी, डिसेंबर २०२३ मध्ये, निर्यातबंदी आली आणि भाव गडगडले. मासा टाकीत गोल फिरत होता. त्याचं कपाळ दिवसेंदिवस वाढत होतं, मामाच्या कपाळावर आठ्या वाढत होत्या.

मी म्हणालो, "मग कळलं ना, याने काही होत नाही?"

मामा म्हणाला, "तो नसता तर याहून वाईट झालं असतं."

आता याला काय उत्तर देणार? आणि इथेच माझा पहिला खरा मुद्दा येतो. मी रोज ज्या धंद्यात पोट भरतो तिथे एक साधा नियम आहे. जी टेस्ट कधी फेल होऊच शकत नाही, ती टेस्टच नाही. निकाल काहीही येवो, हिरवी खूण दिसणार असेल तर ती टेस्ट लिहिणाऱ्याला घरी पाठवतात. फ्लॉवरहॉर्नचं नशीब ही अशीच टेस्ट आहे. धंदा चालला, माशामुळे. धंदा बुडाला, माशामुळे कमी बुडाला. आणि मासा मेला तर? तर त्याने घरावरचं संकट स्वतःच्या अंगावर घेतलं! ही समजूत मी पुण्यात चांगल्या शिकल्यासवरलेल्या, इंजिनीअर मंडळींच्या तोंडून ऐकली आहे. डोळ्यांत पाणी आणून सांगतात, "बाबांचं ऑपरेशन होतं त्याच आठवड्यात आमचा मासा गेला. त्याने घेतलं सगळं."

नाही हो. त्याने संकट घेतलं नाही, त्याने अमोनिया घेतला.

हे जरा नीट सांगतो, कारण पाण्यातलं मला थोडं कळतं. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून आणखी अमोनिया होतो. अमोनिया माशाला विष. नदीत तो वाहून जातो, टाकीत जाणार कुठे? टाकीत त्याची वाट लावतात ते जिवाणू. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचा नायट्राईट करतात (तेही विषच), दुसऱ्या प्रकारचे नायट्राईटचा नायट्रेट करतात (ते बऱ्यापैकी सौम्य). मग आठवड्याला थोडं पाणी बदललं की नायट्रेटही आटोक्यात राहतो. हे जिवाणू फिल्टरमधल्या स्पंजवर, खड्यांवर राहतात आणि त्यांची वस्ती बसायला नव्या टाकीत साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपण काय करतो? रविवारी टाकी घेतो, रविवारीच मासा सोडतो. शिवाय स्वच्छतेची आवड दांडगी, त्यामुळे महिन्यातून एकदा सगळं पाणी ओतून, स्पंज नळाखाली धरून, खडे घासूनपुसून लख्ख. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं, ते उरलेसुरले जिवाणू मारतं आणि माशाचे कल्लेही भाजतं. म्हणजे आपण दर महिन्याला आपल्याच हाताने प्रॉडक्शन सर्व्हर फॉरमॅट करतो आणि सिस्टीम पडली की म्हणतो, ग्रहमान वाईट होतं.

'त्याने संकट घेतलं' हे वाक्य ऐकायला हळवं आहे, पण फार सोयीचं आहे. ते एकदा म्हटलं की फिल्टर कुणी तपासत नाही. टाकी लहान होती का, हे कुणी विचारत नाही. उलट आठवड्याभरात नवा मासा येतो, पुढचं संकट घ्यायला.

बरं, मामाचा मासा मेला नाही. दणकट निघाला. आणि हाच मामाचा प्रॉब्लेम झाला. आणला तेव्हा तीन-चार इंचांचा होता. दुकानदाराने सोबत चार गोल्डफिश दिले होते 'शोभेला'. ते याने एकेक करून संपवले. आता तो जवळजवळ फुटाएवढा आहे. दोन फुटी टाकीत फुटाएवढा मासा म्हणजे विचार करा, तुम्हाला बाथरूममध्ये कोंडलंय आणि जेवण दारातून येतंय. नीट पाळायचा तर एका फ्लॉवरहॉर्नला निदान चार फुटी टाकी लागते, पाणी पावणेतीनशे-तीनशे लिटर, तगडा फिल्टर, थंडीत हीटर, कारण त्याला २६ ते ३० अंशांचं पाणी मानवतं. आणि नीट पाळला तर तो दहा-बारा वर्षं जगतो. मामा आता ५४ चा आहे. मी विचारलं, "मामा, हा मासा तुझ्यासोबत रिटायर होणार आहे, हे सांगितलं होतं का दुकानात?" नव्हतं सांगितलं. सांगितलं असतं तर विकला गेला नसता.

म्हणून मामाने मार्ग काढला. सोडून देऊ.

हिशेब बघा. मासा आणला तेव्हा आपल्याला नशीब मिळालं. मेला असता तर संकट टळलं असतं. जगला आणि जड झाला, तर नदीत सोडून पुण्य मिळणार. प्रत्येक रस्त्याच्या शेवटी जमेची बाजू आपली. मग खर्च कुणाच्या नावावर पडतो? काही माशाच्या, आणि बाकी सगळा नदीच्या. माझा दुसरा आणि मुख्य मुद्दा हा. पहिल्या मुद्द्यावर तुम्ही मला उडवून लावलंत तरी चालेल, श्रद्धा ज्याची त्याची. दुसऱ्यावर नाही, कारण नदी ज्याची त्याची नाही.

नांदूरमध्यमेश्वर आमच्या निफाड तालुक्यातलं. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे १९०७ ते १९१३ या काळात इंग्रजांनी बंधारा बांधला. मागे पाणी पसरलं, गाळ साठला, बेटं झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी आले. १९८६ मध्ये ते अभयारण्य झालं. २०१९ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला, महाराष्ट्रात सगळ्यात पहिला. आत्ता डिसेंबरात पुण्यामुंबईचे लोक पाचपाच किलोच्या लेन्स घेऊन तिथे येतात. आम्हा लासलगावकरांचं नातं आणखी जवळचं आहे, कारण आमच्या नळाला येणारं पाणी तिथूनच येतं. म्हणजे मामाच्या टाकीतलं पाणीही मुळात नांदूरमध्यमेश्वरचंच.

त्या रामसरच्या नोंदीत पक्ष्यांच्या जोडीला एका माशाचं नाव आहे. देवळाली मिनो. शास्त्रीय नाव पॅराप्सिलोरिंकस प्रॅटेरी. १९३८ मध्ये होरा आणि मिश्रा या शास्त्रज्ञांनी देवळालीजवळच्या दारणा नदीतून त्याची पहिली नोंद केली. दारणा पुढे गोदावरीला मिळते आणि गोदावरी नांदूरमध्यमेश्वरला येते. बोटाएवढाही नसलेला मासा, अंगावर नजरेत भरेल असा रंग नाही, कपाळावर टेंगूळ नाही. जगाच्या यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' आहे, म्हणजे नामशेष होण्याच्या एक पायरी अलीकडे. मी इंजिनीअरिंगची चार वर्षं नाशिकला काढली, देवळालीत मिसळ खाल्ली, पण हे नाव पंचविशी उलटल्यावर कळलं. मामाला विचारलं, त्यानेही कधी ऐकलं नव्हतं. फ्लॉवरहॉर्न मात्र लासलगावातल्या पोराटोरांना माहीत आहे. मलेशियाच्या माशाला आपण नशीब म्हणतो आणि ज्याचं नशीब खरंच आपल्या हातात आहे, तो आपल्या जिल्ह्याचा मासा आपल्याला ओळखीचाही नाही.

"एका माशाने काय होतंय?" हा मामाचा पुढचा प्रश्न. तुमचाही असेल.

याचं उत्तर आपल्या ताटात आहे. चिलापी! उजनीची चिलापी खाल्लीय ना? भिगवणला गाडी थांबवून खास खातात लोक. चिलापी म्हणजे तिलापिया, आणि तोही सिक्लिडच. फ्लॉवरहॉर्नचा आफ्रिकेतला चुलतभाऊ म्हणा. मोझांबिक तिलापिया भारतात आणला १९५२ मध्ये. हेतू वाईट नव्हता. लवकर वाढतो, काहीही खातो, गरिबाला स्वस्त प्रथिनं मिळतील. पण तो लहान वयातच पिल्लं घालायला लागतो, वर्षातून अनेकदा घालतो, आणि मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे जगणारी पिल्लंही बरीच. सात वर्षांत सरकारी तज्ज्ञांना घाम फुटला आणि १९५९ मध्ये त्याचा पुढचा प्रसार थांबवायचं ठरलं. थांबला का? आज देशात तो कुठल्या धरणात नाही ते शोधावं लागेल. जगातल्या सगळ्यात उपद्रवी १०० परक्या जीवांच्या यादीत तो आहे. उजनीवरच्या कितीतरी मच्छीमार कुटुंबांचं पोट आज चिलापीवर चालतं हे खरं, आणि त्यांना नावं ठेवायचा मला काडीचा अधिकार नाही. पण त्याच उजनीत पूर्वी जाळ्यात काय काय यायचं, हे एखाद्या म्हाताऱ्या मच्छीमाराला विचारा आणि तो बोटं मोजायला लागला की मोजत बसा. १९५२ मध्ये कुणी अन्डूचं बटण ठेवलं नव्हतं. नदीला रोलबॅक नसतो.

थोडं विषयांतर. सिक्लिड कुळ मुळात खलनायक आहे असं समजू नका. भारताचे स्वतःचे तीन सिक्लिड आहेत. त्यातला एक सिंधुदुर्ग-गोव्याकडे कालुंदर म्हणून आवडीने खातात, केरळात तोच करीमीन, २०१० पासून त्यांचा राज्यमासा. आणि आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात तर सिक्लिडांवरच कुऱ्हाड पडली. तिथे १९५० च्या दशकात नाईल पर्च नावाचा मोठा शिकारी मासा सोडला आणि काही दशकांत सरोवरातल्या सिक्लिडांच्या सुमारे दोनशे जाती दिसेनाशा झाल्या. म्हणजे प्रश्न कुठल्या माशाच्या जातीचा नाहीच. जो जिथला नाही त्याला तिथे सोडणाऱ्या हाताचा आहे.

मामा हुशार आहे. त्याने लगेच दुसरा मुद्दा काढला. "अरे, आपल्या निफाडची थंडी! हा उन्हाळी देशाचा मासा. टिकणारच नाही. मग नुकसान कसलं?"

मुद्दा बिनतोड वाटतो. निफाडचा पारा थंडीत दोन-तीन अंशांवर आल्याच्या बातम्या आपण वाचतोच. पाणी हवेइतकं गार होत नाही, पण फ्लॉवरहॉर्नला मानवतं त्याच्या बरंच खाली जातं. पण मामाच्याच तोंडची दोन वाक्यं शेजारी ठेवा. एक, मुक्या जीवाला मोकळं करतोय. दोन, तो थंडीने मरेलच. दोन्ही एकदम कशी खरी असतील? मरणार असेल, तर तुम्ही त्याला मोकळं करत नाही, गार पाण्यात हळूहळू मारताय आणि फक्त डोळ्यांआड मारताय. नाही मेला, तर तो ज्या गोल्डफिशचं झालं तेच पाण्यातल्या लहान माशांचं करणार. टाकीतले आजार, परजीवी सोबत नेईल ते वेगळंच. या दोन शक्यतांपैकी पुण्याची कुठली?

तिसरा मुद्दा दुकानदार मंडळींचा असतो. संकर मासा आहे, नर बहुतेक वांझ असतात, पिलावळ कुठून वाढणार? बहुतेक असतात, सगळे नसतात. सगळे वांझ असते तर हे दुकान चाललंच नसतं. आणि 'बहुतेक' या शब्दावर कोड रिलीज करणाऱ्यांचं शुक्रवारी रात्री काय होतं ते आम्हाला विचारा.

आता एक गोष्ट सांगायची आहे जी मी मामाला सांगितली नाही.

२०१९ चा मे महिना. नाशिकला इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष संपलं होतं. आमच्या रूमवर तीन फुटी टाकी होती, चौघांनी वर्गणी काढून घेतलेली. त्यात दोन ऑस्कर (हेही सिक्लिडच, ॲमेझॉनकडचे) आणि एक सकर, काच साफ करायला. रूम रिकामी करायची होती. टाकी तीनशे रुपयांत विकली गेली, मासे कुणी घेईना. आम्ही एका संध्याकाळी बादली घेऊन सोमेश्वरच्या पुढे गोदावरीवर गेलो. पाणी थोडंच होतं. बादली कलती केली. ऑस्कर जरा वेळ तिथेच थबकले, मग गेले. सकर तर लगेच तळाला गेला. आम्ही चौघांनी टाळ्या वाजवल्या. एकाने फोटो टाकला, खाली लिहिलं, 'आम्हीही सुटलो, तेही सुटले.' लाईकचा पाऊस. मला खरंच छान वाटलं होतं. घसा दाटला होता, खोटं कशाला बोलू?

त्याच जूनमध्ये त्याच नदीच्या खालच्या अंगाला नांदूरमध्यमेश्वर रामसर यादीत गेलं. हे अर्थात मला नंतर कळलं. आणि त्याही नंतर सकरच्या बातम्या वाचल्या. केरळात, आंध्रात, आपल्या उजनीत जाळ्यात सकर येतोय. अंगावर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत, काटेरी पर, जाळं फाडतो आणि बाजारात कवडीही मिळत नाही. प्रत्येक बातमी वाचताना माझ्या डोळ्यांसमोर ती बादली येते. आमचाच सकर कुठे पोचला असं मी म्हणत नाही, तो कदाचित आठवड्याभरात मेलाही असेल. पण 'एका माशाने काय होतंय' असं म्हणणारा तो एक मी होतो. आणि प्रत्येक बादलीमागे असाच कुणीतरी एक असतो, घसा दाटलेला.

म्हणून मामावर एवढा चिडलो. समोर मामा होता, पण चिडचिड त्या बावीस वर्षांच्या गाढवावर होती.

ठीक आहे, मग करायचं काय? बंदी घाला असं मी म्हणत नाही. चांगलं मत्स्यपालन करणारे लोक मी पाहिले आहेत. टाकीचं पाणी तपासणारे, माशासाठी सुट्टी न घेणारे. त्यांच्याकडे पाहून शिकावं. माझं म्हणणं बाकीच्या तुम्हाआम्हाला आहे.

फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर, सकर, काहीही घेण्याआधी दुकानात दोनच प्रश्न विचारा. हा किती मोठा होतो? किती वर्षं जगतो? दुकानदार उत्तर टाळत असेल तर तेच उत्तर समजा. घेतला असेल आणि झेपत नसेल, तर दुकानाला परत द्या, फुकट द्या, वर खाण्याची पुडी द्या. दुसरा शौकीन शोधा. आपण महिन्याला तीन जॉब शोधतो, एका माशाला एक घर शोधता येत नाही? आणि खरोखरच कुणी घेणारा नसेल, तर आता मी जे लिहितो ते आमच्या घरातल्या माळकरी आजीला आवडणार नाही. पशुवैद्याला विचारून त्याला वेदनेशिवाय संपवणं हेही नदीत सोडण्यापेक्षा बरं. त्यात पुण्य नाही, हे मलाही मान्य आहे. पण निदान त्या मरणाचा हिशेब आपल्या वहीत राहतो, गोदावरीच्या खात्यावर चढत नाही.

रविवारी सकाळी आम्ही नांदूरमध्यमेश्वरला गेलो. मामा, मी, मामेबहीण आणि तिची दुर्बीण. मासा पेढीवरच राहिला. मामा वाटेत एक शब्द बोलला नाही. परतताना विंचूरला चहाला थांबलो तेव्हा म्हणाला, "चार फुटी टाकी कितीला येते?"

मी आकडा सांगितला. तो पुन्हा गप्प झाला.

सध्या ठरलंय ते असं. टाकीचे निम्मे पैसे माझे, निम्मे मामाचे. हीटर मी पुण्याहून आणायचा. जुना स्पंज नव्या फिल्टरमध्ये घालायचा, धुवायचा नाही. पाणी दोन दिवस पिंपात साठवून, मग बदलायचं, दर रविवारी, आणि ते काम मामेबहिणीकडे. मामा माझ्याशी अजून तुटकच बोलतो. पण काल फोनवर मामीने सांगितलं की पेढीवर कुणी विचारलं, 'हा मासा लक्ष्मीचा ना?' तर मामा म्हणाला, "लक्ष्मीचा कसला? खर्चाचा आहे."

ता.क.: चार फुटी टाकीला जाड लोखंडी स्टँड लागतो. तीनशे लिटर पाण्याचं वजनच तीनशे किलो. मामाच्या लाकडी टेबलावर ठेवू नका म्हणून कालपासून तीनदा फोन केलाय.